शिफारस करणारी खुर्ची

चिकलठाण्यात सकाळी दोन रांगा लागतात. एक रांग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या फाटकासमोर. हातात जेवणाचा डबा, खिशात आधार कार्डाची झेरॉक्स आणि ठेकेदाराच्या माणसाची वाट पाहणारे डोळे. दुसरी रांग अभ्यासिकेच्या दाराशी. पाठीवर सॅक, हातात चालू घडामोडींचे मासिक आणि मनात स्पर्धा परीक्षेचे स्वप्न. पुष्कळदा पहिल्या रांगेत बाप असतो आणि दुसऱ्या रांगेत त्याचा मुलगा किंवा मुलगी. या दोन्ही रांगांत एक शब्द मात्र सारखाच ऐकू येतो. तो शब्द म्हणजे शिफारस.

पहिल्या रांगेत शिफारस म्हणजे चिठ्ठी. कुणाची तरी ओळख, कुणाचा तरी फोन, सुपरवायझरच्या गावचा कुणीतरी पाहुणा. ज्याच्याकडे चिठ्ठी आहे तो आत जातो, ज्याच्याकडे नाही तो उद्या परत येतो. दुसऱ्या रांगेत शिफारस म्हणजे लोकसेवा आयोगाची यादी. परीक्षा झाली, मुलाखत झाली, गुण लागले की आयोग शिफारसपात्र उमेदवारांची नावे जाहीर करतो. आयोग स्वतः नेमणूक करीत नाही. तो शासनाकडे शिफारस करतो आणि शासन नेमणूक देते. त्या यादीत नाव आले की ज्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या चिठ्ठीसाठी मान खाली घातली, त्याच्या मुलीला सलाम ठोकायला शिपाई उभा राहतो.

शब्द एकच, पण अर्थ उलटा. एक शिफारस उपकाराची, दुसरी हक्काची. उपकाराच्या शिफारशीतून हक्काची शिफारस आपोआप जन्माला आली का? इंग्रजांनी ती बक्षीस म्हणून दिली का? की प्रस्थापितांनी मोठ्या मनाने देऊ केली? वाचक बंधुभगिनींनो, यातले काहीच खरे नाही. त्यामागे एका महामानवाचे आयुष्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण जयंतीला ऐकतो. चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान आणि धम्मदीक्षा हे टप्पे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहेत. पण सरकारी अधिकाराच्या जागेवर कोणाचे नाव सुचवायचे, हे ठरवणाऱ्या खुर्चीविरुद्ध बाबासाहेब उभी हयात लढले. ती बाजू मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आज ती सांगायची आहे.

आधी ती खुर्ची कोणाची होती ते पाहू. कंपनी सरकारच्या काळात वरिष्ठ नोकऱ्या संचालकांच्या मर्जीने वाटल्या जात. १८५५ पासून सनदी नोकरीसाठी खुली परीक्षा सुरू झाली, पण ती लंडनमध्ये. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात वंश किंवा धर्म न पाहता नोकरी मिळेल असे आश्वासन होते. ते कागदावर राहिले. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये निवडले गेलेले पहिले हिंदी सनदी अधिकारी. परीक्षा हिंदुस्थानातही घ्यावी यासाठी दादाभाई नौरोजींनी आणि काँग्रेसने अनेक वर्षे मागणी केली. १९२२ मध्ये ती अलाहाबादला सुरू झाली. ही मागणी न्याय्यच होती. पण लंडनची परीक्षा अलाहाबादला आली म्हणून महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या मुलाला काय मिळणार होते? त्याच्यासाठी तर गावची शाळासुद्धा लंडनइतकीच लांब होती.

महात्मा जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिताना हेच दाखवून दिले होते. राज्य इंग्रजांचे असले तरी कचेरी एकाच जातीच्या कारकुनांच्या ताब्यात आहे आणि गोऱ्या साहेबाला रयतेचे खरे दुःख कळूच दिले जात नाही. महारांची लष्करातली भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे विनंती केली. मागणी काय होती? कलेक्टरची खुर्ची नव्हे. सरकारी नोकरीतल्या सर्वांत खालच्या जागा, पोलीस शिपायाची जागा आणि सैन्यातल्या शिपायाची जागा. एवढी साधी मागणीही या समाजाला सातासमुद्रापार करावी लागत होती, कारण इथल्या खुर्चीवर बसलेला माणूस त्याचे नाव सुचवायला तयार नव्हता.

या पार्श्वभूमीवर १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. सैन्याने त्या घरात अक्षर आणले होते आणि त्याच सैन्याचे दार पुढे त्यांच्या समाजाला बंद झाले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी या मुलाची हुशारी ओळखली होती. त्यांनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. बाबासाहेबांच्या आयुष्यातली ही पहिली मोठी शिफारस. १९१३ मध्ये महाराजांनीच त्यांना अमेरिकेला पाठवले. परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार झाला होता. केळूसकर गुरुजींचे आणि सयाजीरावांचे हे ऋण आंबेडकरी समाज कधीही विसरणार नाही.

पण त्याच शिफारशीची मर्यादाही बाबासाहेबांना बडोद्यातच कळली. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स पाहून आलेला हा विद्वान १९१७ मध्ये बडोद्यात हजर झाला. महाराजांनी त्यांना लष्करी सचिव नेमले. पुढे त्यांना अर्थखाते द्यावे असा महाराजांचा विचार होता. नेमणूक खुद्द राजाची. यापेक्षा मोठी शिफारस कोणाची असणार? पण कचेरीतला शिपाई त्यांच्या टेबलावर फाईल लांबून फेकायचा. कचेरीत प्यायला पाणी मिळत नव्हते. शहरात राहायला जागा नव्हती. पारशी विश्रामगृहात उतरले तर जात कळताच लोक काठ्या घेऊन चालून आले. शेवटी बडोद्याच्या बागेत एका झाडाखाली बसून या सचिवाने अश्रू ढाळले आणि मुंबईची गाडी पकडली.

या प्रसंगाकडे आपण बहुतेक वेळा केवळ अपमानाची कहाणी म्हणून पाहतो. त्यात राज्यकारभाराचा एक मोठा धडाही आहे. राजा चांगला होता. हेतू चांगला होता. उमेदवाराची योग्यता तर वादातीत होती. तरीही ती नेमणूक टिकली नाही. का? कारण वर एक माणूस बसवला, पण त्याच्या खाली आणि आजूबाजूला सगळी जुनीच माणसे होती. एका चांगल्या माणसाच्या मर्जीवर मिळालेली जागा कचेरीतली जात मोडू शकत नाही. त्यासाठी वरपासून खालपर्यंत हिस्सा लागतो आणि तो हिस्सा मर्जीने नव्हे, नियमाने मिळावा लागतो. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्यामागे हीच दृष्टी होती. एकट्या उमेदवाराला जागा देऊन शाहू महाराज थांबले नाहीत, त्यांनी जागा देण्याची रीतच बदलली. तेच शाहू महाराज १९२० मध्ये मूकनायकसाठी बाबासाहेबांना आर्थिक मदत देतात आणि माणगावच्या परिषदेत त्यांना समाजाचा पुढारी म्हणून पुढे करतात. हा योगायोग नाही.

बाबासाहेब १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तिथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरकुर केली. पुन्हा लंडनला जाऊन १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन ते परतले. न्यायखात्यातल्या मोठ्या सरकारी जागेचा मार्ग त्यांच्यापुढे खुला होता. घरात दारिद्र्य होते. रमाईने गोवऱ्या थापून संसार केला होता. एखाद्याने ती जागा डोळे मिटून घेतली असती आणि कुणी त्याला नावही ठेवले नसते. बाबासाहेबांनी ती नाकारली आणि स्वतंत्र वकिली पत्करली. कारण सरकारचा नोकर होऊन सरकारला जाब विचारता येत नाही. एका खुर्चीवर स्वतः बसण्यापेक्षा हजारो खुर्च्यांची वाट मोकळी करणे त्यांना महत्त्वाचे वाटले.

आता १९३० साल. लंडनला गोलमेज परिषद भरली. याआधीच, १ ऑक्टोबर १९२६ रोजी, ली आयोगाच्या शिफारशीनुसार हिंदुस्थानात पहिला लोकसेवा आयोग स्थापन झाला होता. बाबासाहेबांनी आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी परिषदेपुढे अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना मांडली. तिच्यात आठ अटी होत्या. त्यांपैकी पाचवी अट सरकारी नोकऱ्यांतल्या पुरेशा प्रतिनिधित्वाची होती. मध्यवर्ती सरकारसाठी आणि प्रत्येक प्रांतासाठी लोकसेवा आयोग नेमावा. आयोगाच्या सदस्याला विधिमंडळाच्या ठरावाशिवाय काढता येऊ नये. निवृत्तीनंतर त्याला सरकारी जागा देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ठरलेल्या पात्रतेच्या कसोट्या सांभाळून सर्व जातीजमातींना योग्य प्रतिनिधित्व मिळेल अशा रीतीने भरती करणे हे त्या आयोगाचे कर्तव्य असावे. कोणत्या खात्यात कोणाचे प्रमाण किती आहे ते पाहून अग्रक्रम ठरवण्याचे कामही त्यानेच करावे.

ही अट नीट समजून घेतली पाहिजे. अमुक उमेदवाराला जागा द्या, अशी विनंती त्यात नाही. त्यांनी बोट ठेवले ते शिफारस करणाऱ्या खुर्चीवर. ती खुर्ची स्वतंत्र हवी, निर्भय हवी, तिला पुढच्या जागेचे आमिष नको आणि न्याय्य वाटप हे तिचे कर्तव्य हवे. बाबासाहेबांनी गुणवत्ता मोडीत काढली असा कांगावा करणाऱ्यांनीही ही अट वाचावी. पात्रतेच्या कसोटीला त्यांनी तेव्हाही नकार दिलेला नव्हता. नकार दिला होता तो पात्रतेच्या नावाखाली चालणाऱ्या जातीच्या मक्तेदारीला. परिषदेच्या सेवाविषयक उपसमितीतही त्यांनी हाच विषय लावून धरला.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्याच्या आठव्या कलमात सरकारी नोकऱ्यांत अस्पृश्यांना योग्य प्रतिनिधित्व देण्याचा सर्व प्रयत्न केला जाईल, असे मान्य झाले. शैक्षणिक पात्रतेची अट होतीच. पण प्रयत्न करू असे म्हणणे वेगळे आणि जागा राखणे वेगळे. लवकरच त्याचा अनुभव आला. ४ जुलै १९३४ रोजी हिंदुस्थान सरकारने नोकऱ्यांतल्या राखीव प्रमाणाचा ठराव काढला. मुसलमानांसाठी २५ टक्के, इतर अल्पसंख्याकांसाठी ८.३३ टक्के. आणि अस्पृश्यांसाठी? निश्चित प्रमाण काहीच नाही. त्यांच्यात शिक्षण कमी आहे, पुरेसे पात्र उमेदवार मिळणार नाहीत, असे कारण पुढे केले गेले.

बंधुभगिनींनो, हे कारण ओळखीचे वाटते ना? आजही अनेक विद्यापीठांत, संस्थांत राखीव जागांपुढे योग्य उमेदवार मिळाला नाही असा शेरा मारून जागा रिकाम्या ठेवल्या जातात. तो शेरा नव्वद वर्षांपूर्वीचा आहे. शाळेत घ्यायचे नाही, मग शिक्षण नाही म्हणायचे, मग नोकरी नाकारायची आणि नोकरीत कुणी नाही म्हणून पुन्हा शाळेकडे लक्ष द्यायचे नाही. हे चक्र बाहेरून फुटणारे नव्हते.

बाबासाहेबांनी ते आतून फोडले. १९४१ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉयने आपले कार्यकारी मंडळ वाढवले. त्यात हिंदी सदस्यांची संख्या वाढली, पण अस्पृश्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. साम्राज्यातल्या या सर्वोच्च जागांसाठी व्हाइसरॉय नावे सुचवायचा आणि लंडन मान्यता द्यायचे. म्हणजे शिफारशीची खुर्ची तिथेही होतीच. बाबासाहेबांनी भारतमंत्री अ‍ॅमरी यांना तार करून तीव्र निषेध नोंदवला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार पलटण पुन्हा उभी राहिली. ज्या दारासाठी वलंगकरांनी अर्ज लिहिला होता, ते दार ४७ वर्षांनी उघडले. आणि जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले.

मंत्रिपद मिळाल्यावर त्यांनी काय केले? अवघ्या तीन महिन्यांत, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यापुढे अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन ठेवले. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि सरकारी नोकऱ्या यांतला अन्याय त्यांनी मांडला. उच्च शिक्षण, परदेशातले शिक्षण आणि तांत्रिक प्रशिक्षण यांसाठी मदत मागितली. आणि फेडरल लोकसेवा आयोगावर आपला माणूस नाही, हेही एक स्वतंत्र गाऱ्हाणे म्हणून नोंदवले. बारा वर्षांपूर्वी लंडनमध्ये ज्या खुर्चीवर बोट ठेवले होते, तिच्यावरून त्यांची नजर हटलेली नव्हती.

परिणाम काय झाला? ऑगस्ट १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या. सरळ भरतीने भरल्या जाणाऱ्या दर बारा जागांत एक जागा. वयाची मर्यादा तीन वर्षांनी वाढवली. परीक्षेची फी चौथ्या हिश्शावर आणली. या दोन सवलती वरवर किरकोळ वाटतात. पण ज्याला शाळेत उशिरा घातले गेले, ज्याचे मधली दोन वर्षे गुरे राखण्यात गेली, त्याच्यासाठी ती तीन वर्षे म्हणजे सगळे आयुष्य होते. फीची रक्कम म्हणजे घरातला महिन्याचा किराणा होता. हे बंगल्यात बसून कळत नाही. परळच्या चाळीत राहिलेल्या माणसालाच कळते. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. चिकलठाण्यातल्या आमच्या मुलामुलींच्या खात्यावर आज भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणून जी रक्कम जमा होते, तिचे मूळ तिथे आहे. १९४६ च्या जूनमध्ये राखीव प्रमाण साडेबारा टक्के झाले. बारातली एक जागा आठातली एक झाली. त्याच सुमारास बाबासाहेब मंडळातून बाहेर पडले.

पण इथे आमच्या मराठवाड्याची एक कडवट आठवण सांगितली पाहिजे. १९४३ चा तो हुकूम चिकलठाण्याला लागू नव्हता. तो हिंदुस्थान सरकारच्या नोकऱ्यांचा हुकूम होता आणि हे गाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानातल्या कचेरीचा कारभार वेगळा, भाषा वेगळी, शिफारशीची खुर्चीही वेगळी. इथल्या अस्पृश्याला ब्रिटिश मुलखातल्या आपल्या भावाएवढाही आधार नव्हता. बाबासाहेबांना याची पूर्ण जाणीव होती. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेला ते स्वतः आले होते. निजामाच्या राज्यातल्या आपल्या माणसांची दशा त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान संपले. आता कायद्याने दार उघडणार होते. पण दारातून आत जाणारे कुठे होते? पदवीधरच नसतील तर आयोग शिफारस कोणाची करणार? म्हणून बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. तेच आपले मिलिंद. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेब इथे येऊन राहायचे, बांधकामात जातीने लक्ष घालायचे. केंद्रात मंत्री असलेल्या, प्रकृती ढासळत चाललेल्या माणसाने मुंबई-दिल्ली सोडून या कोरड्या माळावर एवढा जीव का लावला? कारण राखीव जागेचा हुकूम दिल्लीत निघतो, पण त्या जागेचा माणूस नागसेनवनातच घडवावा लागतो, हे त्यांना ठाऊक होते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून डोक्यावर ट्रंक घेऊन आलेली मुले तिथे शिकली. त्यांच्यातून अधिकारी झाले, प्राध्यापक झाले, न्यायाधीश झाले, लेखक झाले.

दरम्यान संविधान तयार झाले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे बाबासाहेब अध्यक्ष होते. लोकसेवा आयोगाला संविधानात स्थान मिळाले. अनुच्छेद ३१७ ने सदस्याला काढणे अवघड केले. अनुच्छेद ३१९ ने निवृत्तीनंतरच्या सरकारी जागेवर बंधने घातली. १९३० च्या पाचव्या अटीतला हा भाग कायदा झाला. अनुच्छेद १६ च्या चौथ्या खंडाने मागासवर्गांसाठी जागा राखण्याची मुभा राज्याला दिली. अनुच्छेद ३३५ ने अनुसूचित जाती-जमातींच्या हक्कांचा विचार करण्यास सांगितले.

पण पाचव्या अटीतला सर्वांत महत्त्वाचा भाग तसाच राहिला, हे आपण प्रामाणिकपणे ओळखले पाहिजे. १९३० मध्ये त्यांनी प्रतिनिधित्व देणे हे आयोगाचे कर्तव्य असावे असे मागितले होते. १९४७ च्या मार्चमध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनातही त्यांनी नोकऱ्यांतला वाटा हक्क म्हणून मांडला होता. संविधानात मात्र तो राज्याने द्यावा असे वाटले तर देता येईल, अशा रूपात आला. कर्तव्य आणि मुभा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ७ फेब्रुवारी २०२० रोजी उत्तराखंडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदोन्नतीत आरक्षण देण्यास राज्य बांधील नाही असा निकाल दिला, तो याच फरकावर उभा आहे. बाबासाहेब कमी पडले असे कुणी म्हणू नये. त्या सभागृहात त्यांच्या मागे किती हात होते हे जगाला माहीत आहे. जेवढे मिळवता येईल तेवढे त्यांनी मिळवले आणि उरलेले काम आपल्यावर सोपवले.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपले दुःख मोकळे केले. ज्यांच्यासाठी माऱ्याच्या जागा उघडल्या, ते शिकलेले लोक त्या जागांवर बसून आपापला संसार सजवण्यात गुंतले, समाजाकडे त्यांनी पाठ फिरवली, याची खंत त्यांनी बोलून दाखवली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आग्र्याची ती खंत अधिकारी झालेल्या प्रत्येकाने आपल्या केबिनमध्ये लिहून लावावी अशी आहे. बाबासाहेबांनी माऱ्याच्या जागा मागितल्या त्या लाल दिव्यासाठी नव्हे. खुर्चीवरचा माणूस खालच्या माणसाच्या अर्जावर न्यायाने सही करील, यासाठी मागितल्या.

आज त्या खुर्चीलाच बाजूला सारण्याचे प्रयत्न चालू आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ सप्टेंबर २०२३ रोजी नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रात सहसचिव, संचालक अशा ४५ वरिष्ठ जागा बाहेरून थेट भरण्याची जाहिरात निघाली. त्यात आरक्षण नव्हते. तीन दिवसांत तीही मागे घ्यावी लागली. दोन्ही वेळा माघार झाली, पण डाव कळला. अनुच्छेदाला हात लावायचा नाही, आरक्षण रद्द म्हणायचे नाही, फक्त जागा भरण्याची रीत बदलायची. आयोगाची यादी गेली की तिच्या जागी काय येते? पुन्हा चिठ्ठी येते.

म्हणून चिकलठाण्याच्या त्या दोन रांगा मला सुट्या दिसत नाहीत. ठेकेदाराच्या फाटकासमोर उभा असलेला बाप आणि अभ्यासिकेत बसलेली त्याची मुलगी यांच्यामध्ये बाबासाहेबांनी उभारलेला एकच बांध आहे. तो फुटला तर मुलगीसुद्धा पदवी हातात घेऊन बापाच्याच रांगेत उभी राहील आणि तिलाही कुणाची तरी ओळख शोधावी लागेल. अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनी राज्यघटनेच्या प्रश्नांत अनुच्छेद ३१५ ते ३२३ चार गुणांसाठी पाठ करू नयेत. त्यामागे बडोद्याच्या झाडाखालचे अश्रू आहेत, लंडनमधली पाचवी अट आहे आणि दिल्लीतले ते निवेदन आहे. ते समजून वाचा. आणि उद्या यादीत नाव आले, खुर्ची मिळाली, तर समोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे चिठ्ठी मागू नका. त्याचा हक्क पाहा. बाबासाहेबांना तेवढेच हवे होते.

जय भीम!